ट्रेलरचा एकच टायर सारखा फुटतोय? आधी चाकागणिक वजन करा

तीन फेऱ्यांत तीन टायर फुटले आणि तिन्ही वेळा चाक एकच, डावं मागचं. पहिला पेठ नाक्याच्या अलीकडं, दुसरा किणी टोलनाका ओलांडल्यावर, तिसरा निपाणीच्या पुढं तवंदी घाटात. ज्यांच्याकडं गाडी वाहून न्यायचा दोन ॲक्सलचा ट्रेलर आहे आणि ज्यांचं एकच चाक सारखं त्रास देतंय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. आम्हाला कारण सापडायला दीड वर्ष गेलं. नीट शोधलं असतं तर ते एका दुपारचं काम होतं.

आधी आमचा जुगाड सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. ट्रेलरवर धाकट्या भावाची जुनी पोर्श बॉक्स्टर असते. दोन माणसांची गाडी, इंजिन सीटच्या मागं. वर्षातून दोन-तीनदा आम्ही ती साताऱ्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेसिंग ट्रॅकवर नेतो. वाट सोपी आहे, साताऱ्यातून जाणारा एनएच ४८ त्या ट्रॅकजवळूनच पुढं चेन्नईला जातो. पण अंतर हजारभर किलोमीटर. ट्रॅकवर क्लच गेला किंवा ब्रेक संपले तर गाडी परत चालवत आणता येत नाही, म्हणून ट्रेलर. तो आम्ही बांधून घेतला होता. दोन ॲक्सल, प्रत्येक ॲक्सलला स्प्रिंगचे स्वतंत्र पाटे, चार चाकं, १४५ आर १२ एलटी, ८ प्लायचे टायर. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचा टायर, प्लाय म्हणजे त्याच्या ताकदीचा दर्जा. छोटा हत्तीला असतात तेच. ओढायला पिकअप.

तिसऱ्या वेळी टायर फुटला तेव्हा नक्षीचा हातभर पट्टा सुटून मागं उडाला. मागं मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये लहान मुलगी होती. त्या भल्या माणसानं गाडी सावरली, बाजूला घेतली आणि उलट आम्हालाच विचारलं, "दादा, लागलं नाही ना कुणाला?" ती तिघं सुखरूप होती. मी मात्र बराच वेळ रस्त्याच्या कडेला तसाच बसून होतो. कारण कळेपर्यंत पुन्हा ट्रेलर लांब न्यायचा नाही, हे तिथंच ठरलं.

आम्ही आधी काय काय चुकीचं धरलं

पहिला टायर फुटला तेव्हा म्हटलं, माल खराब निघाला. दुसऱ्या कंपनीचा घातला. दुसरा फुटला तेव्हा दोष रस्त्याला दिला. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू होतं, जागोजागी सेवारस्त्यावर वळवलेलं, कडेला खडी आणि लोखंडाचे तुकडे. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. डावी चाकं कडेच्या बाजूला असतात, कचरा त्यांनाच जास्त लागतो. पण मग पुढचं डावं चाकही कधीतरी जायला हवं होतं.

यानंतर आमच्या हातून मोठी चूक झाली. कुणीतरी म्हणालं, उन्हाळा आहे, हवा तापून वाढते, म्हणून फुटतोय, हवा कमी ठेवा. आपल्याकडं हा सल्ला पानाच्या टपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडं मिळतो. आम्ही ५० चे ४५ पीएसआय केले (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, बोलण्यात पाउंड). तिसरा टायर त्यानंतर गेला.

हा सल्ला उलटा आहे. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि परत सरळ होते. ताशी ७० च्या वेगानं लहान चाक मिनिटाला सातशेवर फेरे घेतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की हाताला गरम लागते, तसंच रबर आतून तापतं. तापलेलं रबर तारेच्या पट्ट्यापासून सुटायला लागतं आणि एका क्षणी नक्षीचा अख्खा पट्टा निघून जातो. हवा चार-सहा पाउंड वाढल्यानं चांगला टायर फुटत नाही. तो या आतल्या उष्णतेनं जातो.

खुणा समोरच होत्या, आम्ही वाचल्या नाहीत. फुटलेल्या टायरच्या आत रबराची काळी भुकटी होती, पिठाच्या गिरणीत साठते तशी. आतल्या अस्तरावर गोल सुरकुत्या होत्या. बाहेरच्या बाजूवर निळसर झाक असलेला पट्टा. हे तिन्ही म्हणजे टायर दबलेल्या अवस्थेत पळाल्याचा पुरावा. खिळा लागून अचानक फुटलेल्या टायरमध्ये अशी भुकटी सहसा नसते. तुमचा टायर फुटला तर भंगारात देण्याआधी आत हात घालून बघा.

दुसरी खूण वेळेची. पहिले दोन भर दुपारी, निघाल्यावर ७० ते १०० किलोमीटरमध्ये गेले. तिसऱ्या वेळी पहाटे निघालो होतो, गारवा होता, म्हणून तो तवंदीपर्यंत टिकला. थंडीत मजल वाढते याचा अर्थ दुखणं उष्णतेचं. आणि ती उष्णता बहुतेक वेळा दोन वाटांनी येते, हवा कमी किंवा बोजा जास्त. आमच्याकडं दोन्ही होतं.

काट्यावर

आमचा हिशोब कागदावर बरोबर होता, तिथंच फसलो. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढं ८६/८४ असं लिहिलेलं असतं. हा भारांक. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, ८६ म्हणजे ५३० किलो. चार चाकांचे २,१२० किलो झाले. गाडी, ट्रेलर आणि सामान मिळून वजनही त्याच्या आसपास येत होतं, त्यातलं थोडं हुकावर जातं, म्हणजे बसतंय. आम्ही एवढ्यावर समाधानी होतो.

सातारा-सांगली भागात एक गोष्ट मुबलक आहे, ती म्हणजे वजनकाटा. साखर कारखान्यांमुळं दर दहा-वीस किलोमीटरवर एक सापडतो. मात्र काटा जमिनीच्या पातळीतला बघा. चढ देऊन उंच बांधलेल्या काट्यावर एकच ॲक्सल ठेवला तर ट्रेलर कलतो आणि आकडा खोटा येतो. उसाचा हंगाम सोडून जा, नाहीतर ट्रॉल्यांच्या रांगेत तुमच्यासाठी कुणी थांबणार नाही. आम्ही पावसाळ्यात गेलो. काट्यावरचे काका आधी वैतागले. "ऊस न्हाई, वाळू न्हाई, आन् येक येक चाक मोजताय व्हय?" कारण सांगितल्यावर मात्र छत्री घेऊन स्वतः बाहेर आले आणि चाक काट्याच्या कडेला नीट आलंय का ते वाकून बघत राहिले.

मोजायची पद्धत अशी. प्रवासाला निघताना असतो तसा सगळा बोजा चढवा, स्टेपनी, जॅक, इंधनाचा कॅन सगळं. ट्रेलर पिकअपला जोडलेला असू द्या. मग फक्त पुढचा ॲक्सल काट्यावर, आकडा लिहा. पुढं सरकून फक्त मागचा. मग ट्रेलर असा चालवा की मागच्या ॲक्सलचं फक्त डावं चाक काट्यावर आणि उजवं बाहेर जमिनीवर राहील. डाव्याचा आकडा ॲक्सलच्या वजनातून वजा केला की उजव्याचा मिळतो. पुढच्या ॲक्सललाही तेच. शेवटी ट्रेलर सोडून एकटा अख्खा काट्यावर ठेवा. हे एकूण वजन. यातून दोन्ही ॲक्सलची बेरीज वजा केली की हुकावरचं वजन हाती येतं.

आमचे आकडे: एकूण २,१२० किलो. त्यात रिकामा ट्रेलर ६४०, गाडी १,३५०, अवजारांची पेटी आणि सुटे भाग १३०. पुढचा ॲक्सल ८४०, मागचा १,२२०. हुकावर फक्त ६०. आणि मागचं डावं चाक ६७० किलो.

५३० किलोच्या टायरवर ६७०. वर हवा ४५. या टायरची ५३० ची क्षमता ६५ पीएसआयला आहे. ४५ ला ती ढोबळ हिशोबानं पाऊणपटच राहते, म्हणजे चारशेच्या आसपास. टायर इतके दिवस टिकला हेच नवल. सरासरी काढली तर चाकाला ५१५ किलो येत होते आणि तेवढ्यावर आम्ही निर्धास्त होतो. फुटणाऱ्या टायरला मात्र त्याच्या वाट्याचे ६७० उचलायचे होते.

बोजा तिथं का गेला

कारणं तीन निघाली, आणि तिन्ही टायरच्या बाहेरची.

पिकअपचा गोळा, म्हणजे ट्रेलर अडकवायचा हुकाचा बॉल, उंच होता. ट्रेलरच्या फळीवर गवंड्याची पाणसळ ठेवली तर नाक सरळ वर. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाची गोळ्यावर बसणारी वाटी, पातळीपेक्षा ९ सेंटिमीटर उंच बसत होता. आमच्या ट्रेलरला कपलरपासून ॲक्सलांच्या मध्यापर्यंत ३.६ मीटर आणि दोन ॲक्सलमध्ये ८० सेंटिमीटर अंतर आहे. त्या तिरकेपणामुळं मागचे पाटे पुढच्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त दबत होते. दोन सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण पाट्याच्या भाषेत ते काही शे किलो असतात. दोन्ही ॲक्सलच्या पाट्यांमध्ये झुलता दांडा, म्हणजे इक्वलायझर, असेल तर बोजा आपोआप वाटला जातो. आमच्या ट्रेलरला तो नव्हता. नवा ट्रेलर बांधून घेणार असाल तर बाकी रंग-रूप काहीही ठेवा, पण इक्वलायझर मागून घ्या. रबरी टॉर्शनचे ॲक्सल, म्हणजे पाट्यांऐवजी आतल्या रबरावर झुलणारे, असतील तर हा दांडा बसत नाही, तिथं ट्रेलर पातळीत ठेवणं हाच उपाय.

दुसरं कारण पेटी. १३० किलोची पेटी मागं डाव्या कोपऱ्यात होती, कारण तिथून सामान काढायला सोपं पडायचं. मागच्या डाव्या आणि उजव्या चाकांत १२० किलोचा फरक होता तो जवळजवळ सगळा तिचाच.

तिसरं, गाडीचा स्वभाव. नेहमीच्या गाडीचं इंजिन पुढं असतं, ती तोंड पुढं करून चढवली की वजन आपोआप ॲक्सलच्या पुढं येतं. बॉक्स्टरचं इंजिन मधोमध, मागच्या चाकांकडं. तिला दिसायला ट्रेलरच्या मध्यावर उभी केली तरी वजन मागं पडतं. इंजिन अगदी शेपटाकडं असलेल्या गाडीला, पोर्श ९११ सारख्या, हे आणखी जास्त. अशी गाडी कधी कधी उलटी चढवावी लागते. तिथंही अंदाजावर जाऊ नका, काट्यावर दोन्ही प्रकारे मोजून बघा.

हुकावर ६० किलो म्हणजे एकूण वजनाच्या तीन टक्केही नाहीत. यामुळं टायरशिवाय आणखी एक धोका असतो, शेपूट हलायला लागतं. मोठी लक्झरी बस शेजारून गेली की आमचा ट्रेलर डोलायचा. भाऊ म्हणायचा, वाऱ्यानं होतंय. डोलणाऱ्या ट्रेलरचे टायर आडवेही ओढले जातात, आणि दोन ॲक्सलच्या ट्रेलरला तर प्रत्येक वळणावर ते तसेही ओढले जातात. रिव्हर्समध्ये कात्री मारून वळवताना मागच्या चाकांकडं एकदा उभं राहून बघा, टायर रिमवर किती पिळवटतो ते दिसेल.

दुरुस्ती

पेटी मागून काढून पुढं, मधोमध, कपलरच्या बाजूच्या फळीवर बोल्टनं बसवली. एवढ्यानं हुकावरचं वजन ६० वरून १६५ झालं. मग गाडी १० सेंटिमीटर पुढं घेतली आणि चाकांपुढं लोखंडी अडसर वेल्ड करून टाकले, म्हणजे दर वेळी ती त्याच जागी थांबेल. हुकावर २०० किलो झाले, एकूण वजनाच्या नऊ-साडेनऊ टक्के. अमेरिकेत १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात, युरोपात त्याहून कमी. पण तुमच्या ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत आणि हुकावरच्या पट्टीवर जो कमाल आकडा असेल तो ओलांडायचा नाही, तो सगळ्यात आधी बघा. गोळ्यासाठी खाली उतरलेला टो-बार घेतला, ट्रेलर पातळीत आला.

पुन्हा काट्यावर. पुढचा ॲक्सल ९७०, मागचा ९५०. सगळ्यात जड चाक ५०० किलो. काका म्हणाले, "आता बैल सारखं जुंपलं." हे वाक्य मला फार आवडलं. एका बैलावर जू टाकून दुसरा मोकळा चालवावा तसंच आमचं चाललं होतं.

मात्र ५३० च्या टायरवर ५०० म्हणजे हातात काहीच राहत नाही. खड्डा, रस्त्याचा डावीकडचा उतार, एखादा जास्तीचा कॅन, सगळं त्या तीस किलोत बसवायचं. म्हणून १४ इंची रिम आणि १६५ आर १४ एलटी, ८ प्लायचे टायर घेतले. भारांक ९७, म्हणजे ७३० किलो. माझं मत असं, की सगळ्यात जड चाकावर जेवढा बोजा येतो त्याच्या निदान सव्वापट क्षमतेचा टायर असावा. हे करताना रिमची स्वतःची क्षमता, मडगार्डमधली जागा आणि हबच्या (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगचा मधला भाग) नटांचं माप तपासा. टायर ७३० चा आणि रिम ५०० ची असं झालं तर रिम तडकू शकते.

परदेशात खास ट्रेलरचे टायर मिळतात, बाजूवर मापाच्या आधी एसटी ही अक्षरं असतात. त्यांची बाजू जास्त ताठ असते. पण वेगाची वेगळी खूण लिहिलेली नसेल तर ते ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरपर्यंतचेच धरले जातात. आपल्याकडं वाटेत फुटला तर तसा दुसरा मिळणं अवघड. एलटी टायर मात्र कराड, इस्लामपूर, निपाणी कुठंही मिळतो, म्हणून मी तोच घेईन. साध्या कारचे टायर लावू नका. लावायचेच झाले तर त्यांची लिहिलेली क्षमता १.१ नं भागून धरायची, असा तिकडचा नियम आहे. रबर चढवलेला, रिमोल्ड टायर तर ट्रेलरला नकोच.

हवेचं

एलटी टायर थंड असताना बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी हवा ठेवतो, आमच्याकडं ६५. थंड म्हणजे निदान तीन तास उभा, उन्हात नसलेला. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा पंक्चरवाले मामा नळी हातात धरून थांबले. "पासष्ट? फुटंल की ओ दादा!" त्यांना टायरच्या बाजूवरचा आकडा बोटानं दाखवावा लागला.

चालताना दाब वाढणारच. या पातळीला दर १० अंशांमागं अडीच-तीन पाउंड. सकाळचे ६५ दुपारी बाहत्तर-त्र्याहत्तर दिसले तर घाबरून हवा सोडू नका. सोडली तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडेल आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चार टायरपैकी एकाचाच दाब इतरांपेक्षा बराच जास्त वाढला, तर मात्र थांबा, तो जास्त तापतोय.

व्हॉल्व्हकडं कुणी बघत नाही. कारला असतो तो साधा रबरी व्हॉल्व्ह थंड असताना ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. त्याच्या काठावर राहण्यापेक्षा नटाचा धातूचा व्हॉल्व्ह घाला. दाब दाखवणारे टोपीचे सेन्सर लावणार असाल तर धातूचाच हवा, कारण सेन्सरच्या वजनानं रबरी व्हॉल्व्ह मुळाशी चिरतो. ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून घेऊ नका, दोघांच्या घर्षणानं उष्णता वाढते. नायट्रोजनचा आग्रह मी धरत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब बरोबर हवा, गेज स्वतःचं हवं.

नक्षी बघून फसू नका

आमच्या स्टेपनीची नक्षी नव्यासारखी होती. बाजूवर लंबवर्तुळात शेवटचे चार आकडे वाचले तर १११४. म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा. कायद्यानं नक्षी १.६ मिलीमीटर असली की चालते, पण ट्रेलरचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. वर्षातले अकरा महिने तो एका जागी उभा असतो. रबरात तडे रोखणारी जी द्रव्यं असतात ती टायर फिरला, दबला तरच पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला ती मिळत नाहीत, वरून ऊन लागतं. मी आता पाच वर्षांच्या पुढं ट्रेलरचा टायर ठेवत नाही, स्टेपनीसुद्धा. एकदा ट्रेलर उभा केला की चाकांवर गोणपाट, खाली फळ्या, आणि बरेच दिवस उभा राहणार असेल तर ॲक्सल स्टँडवर उचलून ठेवतो.

तुमचं वजन बरोबर निघालं तर

मग हब बघा. आमच्याकडं तापमान दुरून मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र आहे, फार महाग नाही. तासभर चालवून थांबायचं आणि चारही हब, चारही टायर मोजायचे. टायर गरम आणि हब इतरांसारखाच असेल तर हवा किंवा बोजा. हब गरम असेल तर बेअरिंग कोरडं पडलंय किंवा ब्रेक सुटत नाहीये. दुरुस्तीआधी आम्ही कारण शोधताना साताऱ्याहून कराडपर्यंत एक फेरी हळू मारली होती, तेव्हा तीन टायर ५२ ते ५५ अंश आणि डावा मागचा ७८. हब चारही सारखे. त्या एका मोजणीनं निम्मी शंका फिटली.

टायरची एकच कड झिजत असेल तर ॲक्सल वाकलाय किंवा तिरका बसलाय. गोळा बसतो त्या कपलरच्या मध्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेपनं अंतर घ्या. दोन्ही सारखी हवीत, तीन-चार मिलीमीटरच्या वर फरक असेल तर पाट्यांचे यू-बोल्ट सैल करून ॲक्सल सरळ करून घ्या. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधली नक्षी गेली तर हवा जास्त.

चाकाचे नट पहिल्या ७०-८० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. पाइप लावून, पायानं दाबून नाही, टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानं. आमच्या १२ मिलीमीटरच्या स्टडना १०० न्यूटन-मीटर.

वाटेत फुटलाच तर

आवाज येतो आणि पाय ब्रेकवर जातो. तो थांबवा. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा, वेग आपला आपण उतरू द्या, मग डावीकडं घ्या. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर तो हलका लावा. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचा उतार आणि वळण ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल की हे आधी मनात घोटून ठेवायला हवं, त्या वेळी सुचत नाही.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरला एक टायर गेला तरी तो उभा राहतो, म्हणून लोक "पुढच्या गावात बघू" म्हणून चालवत राहतात. असं करू नका. त्या बाजूचा सगळा बोजा आता शेजारच्या एका टायरवर आलेला असतो. आम्ही पहिल्या वेळी पेठ नाक्यापर्यंत सहा-सात किलोमीटर तसेच गेलो आणि पुढचा डावा टायरही आतून खराब करून बसलो. दुसऱ्या फेरीआधी त्याला फुगा आलेला दिसला तेव्हा कळलं. एक फुटला की शेजारचा टायर रिमवरून काढून आतून बघायचा.

चाक बदलताना जॅकचा खटाटोप टाळायचा असेल तर लाकडाचा जाड ठोकळा बरोबर ठेवा. चांगल्या चाकाखाली ठोकळा देऊन ट्रेलर त्यावर ओढला की शेजारचं फुटलेलं चाक अधांतरी होतं. ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडसर लावा आणि ट्रेलरखाली कुणी जाऊ नका. गाडी रस्त्याच्या वळणावर असेल तर चाक बदलू नका, १०३३ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गाची ही मदतवाहिनी आहे. माणसं कठड्यापलीकडं उभी करा, ट्रेलर आणि वाहतूक यांच्या मधे कुणी नको.

दुरुस्तीनंतर दोन वेळा इरुंगट्टुकोट्टईला जाऊन आलोय, ६५-७० च्या वेगानं. कराड, बेळगाव, दावणगिरी, तुमकूर, कृष्णगिरी अशा थांब्यांवर चारही टायरचं तापमान आणि दाब वहीत लिहिला. सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार टायरमधला फरक पाच अंशांच्या वर गेला नाही. बस शेजारून गेली तरी ट्रेलर आता डोलत नाही.

एक काम बाकी आहे. उजव्या मागच्या चाकाची हवा महिन्याला तीन-चार पाउंड उतरते. साबणाचं पाणी लावलं तर व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक बुडबुडे येतात. नटाखालचं रबरी वायसर दबलंय असं वाटतं. या रविवारी टायर उतरवून बघणार आहे.